शेळीचा खुराक आणि तेलाची मात्रा

पेण व रोहा हे भाताचे तालुके. जूनमध्ये पाऊस लागला की शेळ्या चरावयास सोडणे कठीण होते आणि गोठ्यात पेंढा, झाडपाला व गिरणीतील कोंडा यांवरच भागवावे लागते. अशा वेळी शेळीच्या अंगावर मांस चढावे म्हणून खुराकात तेल घालण्याचा मोह होतो. पिष्टमय पदार्थांच्या मानाने तेलातून सुमारे सव्वादोनपट शक्ती मिळते, हे खरे. परंतु शेळीच्या पोटाची रचना निराळी आहे.

शेळीने गिळलेले तेल प्रथम कोटीपोटात पडते. तेथे असंख्य सूक्ष्म जंतू पेंढ्यातील तंतुमय भाग आंबवून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक अम्ले तयार करतात. शेळीला लागणाऱ्या शक्तीचा मोठा वाटा या अम्लांतूनच मिळतो. हेच जंतू तेलाचे विघटन करून त्यातील स्निग्धाम्ले मोकळी करतात. करडईच्या तेलातील लिनोलेइक किंवा हिरव्या पाल्यातील लिनोलेनिक अम्ल जंतूंना अपायकारक असते. म्हणून ते त्यात हायड्रोजन मिसळून त्याचे बहुतांशी घट्ट अशा स्टिअरिक अम्लात रूपांतर करतात. वनस्पती तुपाच्या कारखान्यात निकेल धातूच्या साहाय्याने होणारी क्रिया थोड्याफार फरकाने हीच होय. खुराकातील तेल कितीही पातळ असले तरी मटणाचा रस्सा निवताच चरबी गोठते, ती याचमुळे.

तेल प्रमाणाबाहेर गेले म्हणजे मात्र जंतूंचे हे सामर्थ्य अपुरे पडते. तंतूंवर तेलाचा लेप बसतो, तंतू पचविणारे जंतू मरतात, ॲसेटिक अम्लाचे प्रमाण घटते. शेळी रवंथ कमी करते, लेंड्या पातळ होतात, आणि पोटात पेंढा असूनही ती उपाशी राहते.

एकूण सुक्या आहारात स्निग्धांश शेकडा 5 ते 6 च्या वर जाऊ देऊ नये. सुमारे 30 किलो वजनाची शेळी दिवसास अंदाजे 1 किलो सुका आहार घेते. चाऱ्यातच 20 ते 30 ग्रॅम स्निग्धांश असतो. म्हणजे वरून जेमतेम तेवढाच देता येतो. आता कोंड्याचा हिशेब पाहावा. तूस न मिसळलेल्या ताज्या कोंड्यात शेकडा 12 ते 18 तेल असते. असा 200 ग्रॅम कोंडा घातला की तेलाची मर्यादा संपली! त्यावर वाटीभर तेल ओतणे म्हणजे पैसे खर्चून पेंढा वाया घालविणे होय. तेल काढून घेतलेल्या कोंड्यास हा हिशेब लागू नाही; हलरच्या कोंड्यात तूस मिसळलेले असल्याने त्यात तेल कमी असते. कोंडा विकत घेताना तो कोणत्या प्रकारचा आहे, हे ग्रामसेवकांनी गिरणीवाल्याकडून विचारून घ्यावे.

ताजा कोंडा दमट हवेत फार लवकर खवट होतो. कोकणच्या पावसाळ्यात तो आठवड्याच्या बेताने आणावा. नवा खुराक प्रथम थोडा देऊन आठ-दहा दिवसांत वाढवावा.

फेसाळ पोटफुगीवर पाजावयाचे गोडेतेल हे औषध आहे, खुराक नव्हे. ते पशुवैद्यांच्या सल्ल्याने, शेळीचे तोंड फार उंच न करता, सावकाश पाजावे. घाई केल्यास तेल फुप्फुसात शिरते.