कर्जवसुली आणि ऋणकोचे हक्क

घेतलेले कर्ज फेडणे हे ऋणकोचे कर्तव्यच होय. परंतु हप्ता थकला म्हणून त्याची अब्रू गहाण पडत नाही. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकान्वये वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी वा सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करणे, धमकावणे, चारचौघांत मानहानी करणे व कुटुंबीयांना उपद्रव देणे यांस मनाई केली. वसुली प्रतिनिधीच्या वर्तनाची जबाबदारी बँकेवरच राहते.

असा जाच झाल्यास तारीख, वेळ व दूरध्वनी क्रमांक टिपून ठेवावा आणि प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती ग्रामसभेत समजावून सांगितल्यास भयापोटी मौन पाळणाऱ्या कर्जदारास मोठाच आधार लाभेल.