गायकाच्या डाव्या हाताला

मी पेटीवाला. पत्रिकेत 'संवादिनीसाथ' असं छापतात, पण विंगेतून हाक येते ती 'पेटीवाले आले का?' अशीच. बरीच वर्षं गायकाच्या डाव्या हाताला बसून जे उमगलं, ते जमेल तसं मांडतो.

१. पेटी शिकायची तर आधी गाणं शिकावं लागतं. वडिलांनी मला पेटीच्या क्लासला घातलं आणि गुरुजी मला गायला लावत. बंदिश तोंडपाठ नसेल तर पेटीला हात लावायची मुभा नव्हती. कारण नंतर समजलं: शब्द कुठे तुटतो, श्वास कुठे घेतला जाणार, हे ठाऊक असल्याशिवाय बोट कधी उचलायचं ते कळत नाही. आजही रोज सकाळी गातो. घरच्यांनी त्या वेळेत फिरायला जायची सवय लावून घेतली आहे.

२. ज्या वाद्यावर माझं पोट आहे, ते रागसंगीताला धड चालत नाही. मींड निघत नाही. दोन स्वरांच्या मधलं काहीही हाती लागत नाही. तानपुऱ्याच्या झंकारात ऐकू येणारा गांधार आणि पेटीतला गांधार यांत सुमारे १४ सेंटचं, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढं अंतर असतं, पेटीचा चढा. भूपात गायक गांधारावर ठाण मांडून बसला की मी भाता हलका करतो. दरबारीतला आंदोलित गांधार आला की हात सरळ मांडीवर. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला तीन दशकं गेली. तरुणपणी त्या बंदीचा मला संताप यायचा. आता आक्षेप घेणाऱ्यांचे कान चांगले होते असं वाटतं, निर्णय मात्र चुकलाच. ख्याल गाणाऱ्याला श्वास घेताना मागे कुणीतरी सूर धरून ठेवणारं लागतं, आणि ते काम पेटी फार इमानानं करते.

३. किती वाजवायचं हे कुणी सांगत नाही. एका गायकाला प्रत्येक जागा लगेच पेटीतून परत ऐकायची असते, दुसऱ्याला नुसता षड्जाचा भरणा पुरतो. विलंबिताच्या पहिल्या काही आवर्तनांत ते ओळखायचं. भुवई, तळहात, मान किंचित डावीकडे वळणं, यावरून. या सवयीचा घरी काही उपयोग होईल असं वाटलं होतं. बायकोच्या मते झालेला नाही.

४. पट्टी ऐनवेळी बदलते. काळी चारची तयारी करून जावं आणि ग्रीनरूममध्ये ऐकावं, 'आज आवाज बसलाय, पांढरी पाच करू या का?' पट्टी अर्ध्या स्वरानं उतरली की त्याच यमनची सगळी बोटं बदलतात. स्केल चेंजर पेटीत हे सोपं होतं, पण ती वजनाला इतकी जड की पट्टीचा प्रश्न सुटून पाठीचा सुरू होतो.

५. पावसाळ्यात वाद्याचा स्वभाव बदलतो. कोकणात, गोव्यात तर फारच. लाकूड फुगतं, एखादी पट्टी दाबली की वर यायचं नाव घेत नाही, आणि तो स्वर नेमका रागात वर्ज्य असतो. एसटीत खिडकीची जागा म्हणूनच पेटीला. मी उभा.

६. कान तयार झाला तो मोठ्या मैफिलींत, असं कुणी माझी मुलाखत घेतली तर मी सांगेन. खरं पाहता तो तयार झाला परीक्षेच्या खोल्यांत. थंडीतले महोत्सव आणि गणपती-नवरात्र सोडले तर साथीदाराचं कॅलेंडर बऱ्यापैकी मोकळं असतं. तेव्हा घर चालतं शिकवण्यांवर, कीर्तनांवर आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसलेल्या मुलांच्या साथीवर. प्रारंभिकला बसलेली एखादी मुलगी परीक्षकांसमोर घाबरून षड्जच विसरते. तिचा सूर तिला परत द्यायचा, पण परीक्षकांना ती स्वतःच सापडली असं वाटलं पाहिजे. विशारदच्या मुलाची तान समेच्या आधीच संपते, तेव्हा उरलेल्या दोन मात्रा त्याच्या वतीनं भरायच्या. कीर्तनकार तर काहीच ठरवून येत नाहीत. पूर्वरंगातून एकदम साकीवर, तिथून अभंगावर. पुढे नावाजलेल्या गायकांनी 'सांभाळून घेतलंत' म्हणून शाबासकी दिली, ती विद्या या मुलांनी आणि बुवांनी शिकवलेली. सुरुवातीला ही कामं मला कमीपणाची वाटत आणि कुणी ओळखीचं दिसलं की मी पेटीमागे जरा वाकून बसे.

७. सर्वांत जवळून गाणं ऐकायला मिळतं ते साथीदाराला. गोविंदराव टेंबे पेटीवर भास्करबुवा बखल्यांची साथ करत, आणि १९११ साली 'मानापमान'ला त्यांनी ज्या चाली दिल्या, त्यांत ते जवळून ऐकलेलं गाणं जागोजागी दिसतं. मन खट्टू झालं की मी टेंब्यांची आठवण काढतो. मग लक्षात येतं की त्यांनी नाटकं लिहिली, भूमिका केल्या, पुस्तकं लिहिली. माझ्या नावावर तूर्तास हा लेख आहे.

८. मानधनाबद्दल बोलायला आपल्या क्षेत्रात सगळ्यांनाच संकोच. आयोजक मुख्य कलाकाराशी एक रक्कम ठरवतात आणि 'साथीदारांचं तुम्हीच बघा' म्हणतात. बहुतेक गायक नीट बघतात, काही विसरतात, आणि विसरलेल्याला आठवण करून द्यायची तर पुढचं बोलावणं जायची भीती. गावात, सोसायटीत, मंडळात कधी मैफल ठरवायची वेळ तुमच्यावर आली, तर एवढं करा: तबला, पेटी आणि तानपुरा या तिघांचं मानधन वेगळं ठरवा, आधी सांगा आणि त्यांच्याच हातात द्या.