शाळा मुलांच्या मागे जाते तेव्हा : अनुताई वाघ यांचे बोर्डी-कोसबाडचे दिवस



सुगी सुरू झाली की आपल्या मंगळवेढा तालुक्यात शाळेचा पट आणि हजेरी यांचा मेळ बसत नाही. ज्वारीची काढणी निघाली की आईबाप सकाळीच रानात जातात आणि तिसरी-चौथीतली पोरगी धाकट्याला सांभाळत घरी राहते. कुणी मेंढरांमागे असतं, कुणी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर. आपण हजेरीपटावर 'गैरहजर' लिहितो. पण त्या वेळी ते मूल काय करत असतं, हे आपल्याला ठाऊक असतं का? गावात राहून या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्या एका शिक्षिकेची आज ओळख करून घेऊ.

गावात राहायला आलेल्या बाई

अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचा जन्म पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा अनुताई त्यांच्या मदतीला गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. एकदा गेलेल्या अनुताईंनी पुढचं सगळं आयुष्य त्याच भागात काढलं.

रोजचं काम कसं चालायचं?

बालवाडी उघडली म्हणून मुलं आपोआप आली नाहीत. गावाबाहेरच्या वस्तीतली मुलं तर येईचनात. मग बाईच वस्तीवर गेल्या आणि घरासमोरच्या अंगणातच वर्ग भरू लागला. आज गावोगावी आपण 'अंगणवाडी' म्हणतो, त्या नावाचं मूळ इथे आहे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती १९७५ साली, म्हणजे पुष्कळ नंतर.

शिकवण्याआधी मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं हीही कामं असत. महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. भोवती वारली आदिवासींचे पाडे. तिथली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शिक्षकच कुरणात गेले. गुरं चरताहेत आणि शाळा चालू आहे, ही झाली 'कुरणशाळा'. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं असायचं, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला 'विकासवाडी' म्हणत.

बघा, प्रत्येक वेळी आधी मुलाचा दिवस पाहिला आणि मग शाळेची वेळ-जागा ठरवली. आपण बहुधा उलटं करतो, नाही का? ते मूल आळशी नसतं. घरात त्याच्यावर एक काम सोपवलेलं असतं आणि ते काम शाळेत बसून आपल्याला दिसत नाही.

आपल्याकडेही २००० नंतर वाड्यावस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या. तिथे शिकवणाऱ्यांना सुरुवातीला 'स्वयंसेवक'च म्हणत. वस्तीतलाच माणूस असल्याने कुणाच्या घरी काय चाललंय, हे त्याला विचारावं लागत नसे.

आपल्याला काय करता येईल?

१. दिवेलागणीला भेट द्या. दुपारी वस्तीवर गेलात तर घराला कुलूप असतं. रानातून माणसं परततात तेव्हा पाच मिनिटं बसलं तरी कारण कळतं.

२. धाकट्याची सोय बघा. माझ्या वर्गातली तिसरीची एक मुलगी काढणीच्या दिवसांत येईना. घरी गेलो तर तिच्याकडे साडेतीन वर्षांचा भाऊ. अंगणवाडी आधी सुटायची, मग पुढे त्याला बघणार कोण? अंगणवाडीताईंशी बोललो. आता सुटल्यावर तो आमच्या वर्गात कोपऱ्यात पाटी घेऊन बसतो आणि ताई गणितं सोडवते.

३. रानातली साधनं वापरा. चिंचोके मोजायला घ्या. कडब्याच्या काड्यांची दहा-दहाची जुडी बांधा. दशक-एकक हाताला कळतं. पेंडी बांधणारं मूल यात आपल्यापेक्षा हुशार निघतं!

४. घरची भाषा अडवू नका. तालुक्याच्या दक्षिणेकडे काही घरांत कानडी बोलतात. पहिलीतल्या मुलाने वस्तूचं नाव कानडीत सांगितलं तर 'चूक' म्हणू नका. तो शब्द ऐका आणि शेजारी मराठी शब्द ठेवा.

पालकांना एक विनंती

काम थांबवा असं आम्ही म्हणत नाही, रानाशिवाय घर चालत नाही हे आम्हालाही कळतं. फक्त पोराला घरी ठेवायची वेळ आली तर गुरुजींना आदल्या दिवशी सांगा. ऊसतोडीला निघण्याआधी तर नक्की भेटा. मुलाला आजी-आजोबांकडे ठेवता येईल का, हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे मिळून बघू. कारखाना सुरू झाल्यावर हे बोलणं होत नाही. आठवडाभराची गैरहजेरी भरून काढता येते, पण पाच-सहा महिने गेले की वाचायला लागलेलं मूल पुन्हा अक्षरांपाशी येतं.

शिक्षक मित्रांनो, उद्या हजेरी घेताना सलग तीन दिवस न आलेल्या मुलांची नावं वेगळी लिहून काढा. प्रत्येक नावापुढे ते मूल आत्ता कुठे असेल ते लिहा. जिथे लिहिता येणार नाही, त्या घरी संध्याकाळी जाऊन या.