प्रतीक्षा आणि पृष्ठसंख्या : अद्भुतरम्य कादंबरीच्या विस्ताराचा प्रश्न

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेचा पाचवा खंड २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सहाव्या खंडाची, ‘द विंड्स ऑफ विंटर’ची, वाट तेव्हापासून पाहिली जात आहे. या प्रतीक्षेत उत्सुकतेबरोबर धास्तीही मिसळलेली आढळते. खंड येईल की नाही, ही एक धास्ती. आला तर तो कितीही थोरला असला तरी कथा त्यात मावणार नाही, ही दुसरी. पहिलीची चर्चा पुष्कळ झाली आहे. समीक्षकाच्या दृष्टीने दुसरी अधिक विचारार्ह ठरते, कारण तिचा संबंध कथनाच्या रचनेशी आहे.

मूळ योजना तीन खंडांची होती. १९९६ मधील पहिला खंड सुमारे तीन लाख शब्दांचा. २००० मधील तिसरा चार लाखांच्याही पुढे गेला आणि ब्रिटनमधील कागदी बांधणीच्या आवृत्तीत तो दोन भागांत काढावा लागला. चौथ्या खंडाची सामग्री तर एका ग्रंथात सामावेनाच. तेव्हा मार्टिन यांनी कथेचे विभाजन कालानुक्रमे न करता पात्रे व प्रदेश यांना अनुसरून केले : काही पात्रे २००५ च्या ग्रंथात, उरलेली पुढच्यात. परिणामी टिरियन व डेनेरिस यांची कथा ग्रंथरूपाने २००० नंतर वाचकाला एकदम २०११ मध्ये भेटली. अकरा वर्षांत वाचकाचे स्वतःचे वयही पुढे सरकलेले असते.

हा विस्तार केवळ लेखकाच्या सैल लेखणीचा परिणाम मानणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. मालेतील प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या दृष्टिकोनातून सांगितलेले आहे. प्रास्ताविक प्रकरण वगळता पहिल्या खंडात अशी आठ पात्रे आहेत. पाचव्यात ती दुपटीच्या घरात जातात. दृष्टिकोन ज्याला दिला त्याला गतायुष्य द्यावे लागते, परिसर द्यावा लागतो, आणि त्याचा शेवटही द्यावा लागतो. शिवाय तिसऱ्या खंडानंतर कथाकाळात पाच वर्षांची उडी घेण्याचा बेत होता. तो सोडून दिल्यावर जे निवेदनात ओझरते उल्लेखिले गेले असते ते प्रत्यक्ष घडवून दाखविणे भाग पडले. म्हणजे वाढीचे बीज पद्धतीतच होते.

टोल्किन यांचे उदाहरण येथे वारंवार दिले जाते, परंतु ते गैरलागू आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन भागांत निघाली ती कागदाच्या महागाईमुळे. कथा आधीच लिहून पुरी झाली होती. वाचक थांबला तो कथा लिहून होण्यासाठी नव्हे. खरे साम्य रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’शी आहे. १९९० मध्ये आरंभिलेली ही माला २००७ मध्ये लेखक निवर्तले तेव्हा अपुरीच होती. जॉर्डन यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी ती पुरी केली. मात्र एकच म्हणून योजिलेला अंतिम खंड तीन ग्रंथांचा झाला आणि चौदावा खंड २०१३ मध्ये आला.

भारतीय भाषांच्या अभ्यासकाला ही हकीकत अपरिचित वाटू नये. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून काढलेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे पहिले चार खंड मुहंमद हुसैन जाह यांचे, पुढील अहमद हुसैन क़मर यांचे. संपूर्ण ‘दास्तान-ए-अमीर हमज़ा’ तर ४६ खंडांपर्यंत गेली. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता संतति’ २४ भागांची आहे, आणि ‘भूतनाथ’ १९१३ मध्ये खत्री यांच्या निधनाने अपुरी राहिली, ती पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्णत्वास नेली. (मराठीत हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्येच अवतरली, पण अद्भुताचा तिचा पसारा एका ग्रंथात आटोपतो.)

तथापि साम्य येथेच थांबते. दास्तानीत लांबण हा गुण होता. दास्तानगोची कीर्ती कथा रोखून धरण्यात, वर्णनात श्रोत्याला गुंगवून ठेवण्यात होती. प्रत्येक बैठक आपल्यापुरती तृप्ती देई, आणि शेवटाचे वचन कोणी मागत नसे. कथा परंपरेची मानली जात असल्याने जाह जाऊन क़मर आले तरी तिचे स्वामित्व बदलत नव्हते. मार्टिन यांच्या कादंबरीचे तसे नाही. सिंहासन अखेर कोणाचे, उत्तरेकडील संकटाचे काय, हे प्रश्न पहिल्याच खंडात पेरलेले आहेत आणि वाचक त्यांच्या उत्तरासाठी वाचतो. प्रत्येक नवे पात्र त्याला आनंद देते आणि त्याच वेळी उत्तर लांबवते. दूरचित्रवाणी-मालिकेने २०१९ मध्ये स्वतःचा शेवट दाखविला खरा, पण तो ग्रंथाचा शेवट म्हणून सर्वांनी स्वीकारलेला नाही.

२०२२ मध्ये मार्टिन यांनी सहावा खंड सुमारे तीन-चतुर्थांश झाल्याचे सांगितले होते. त्यापुढे ‘अ ड्रीम ऑफ स्प्रिंग’ हा सातवा योजिलेला आहे. पाचव्या खंडाअखेर विखुरलेली पात्रे पाहता, चौथ्या खंडाच्या वेळी करावी लागली तशी विभागणी सहाव्याच्या वेळी टळेल असे मानावयास आजवरच्या ग्रंथांत फारसा आधार सापडत नाही.