आजाराचं नाव कळेपर्यंत किती खर्च येतो?

चालताना तोल जातो, शर्टाची बटणं लागत नाहीत, बोलणं जड झालंय आणि हे महिन्यागणिक वाढतंय? न्यूरोलॉजिस्टला दाखवा. पाटीवर डी.एम. किंवा डी.एन.बी. न्यूरोलॉजी आहे ना, ते बघा, न्यूरोसर्जन वेगळा. हेच जर काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत झालं असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर ओपीडीची वाट पाहू नका. थेट कॅज्युअल्टीत जा.

मोठ्या शहरात खासगी पहिल्या भेटीचे साधारण १,००० ते २,५०० रुपये. मुंबईत केईएम, नायर, शीव, जेजे आणि पुण्यात ससून इथे केस पेपर नाममात्र पैशांत निघतो. न्यूरोलॉजी ओपीडीचे वार आधी विचारून घ्या.

सोबत आधार, रेशनकार्ड, तारीखवार लावलेले जुने रिपोर्ट आणि रुग्णाच्या चालण्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्याही न्या, अगदी ॲसिडिटीच्या आणि चक्करेच्याही. लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन अशा औषधांनी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, आईवडिलांचं लग्न नात्यातलं आहे का (मामाची मुलगी, आत्याचा मुलगा), हेही सांगा. या माहितीला पैसा लागत नाही आणि तपासण्यांची दिशा तीच ठरवते.

आधी रक्त: बी-१२, थायरॉइड, साखर, एचआयव्ही, व्हीडीआरएल. रुग्ण तरुण असेल तर विल्सन आजारासाठी सेरुलोप्लाझ्मिन आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी. खर्च साधारण २,००० ते ५,०००. उपचार असलेली कारणं इथेच सापडतात, म्हणून ही पायरी गाळून कोणी थेट महागड्या तपासणीवर नेत असेल तर कारण विचारा.

मग एमआरआय. मेंदूचा खासगीत साधारण ५,००० ते ९,०००. कॉन्ट्रास्टचे वेगळे, भूल द्यावी लागली तर तिचेही वेगळे. मेंदूचा, मानेचा की दोन्हींचा, कॉन्ट्रास्टसह की त्याशिवाय, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर दुसऱ्यांदा पैसे भरावे लागतील. सीडी मागून घ्या, कारण नुसत्या रिपोर्टवर दुसरे डॉक्टर मत देत नाहीत. नसांची तपासणी, म्हणजे ईएमजी-एनसीव्ही, २,५०० ते ५,०००. तपासणी कुठून करायची हे तुम्ही ठरवायचं. ‘आमच्याच लॅबमधून’ ही सक्ती मानू नका.

‘ॲडमिट व्हा, सगळं मेडिक्लेममध्ये बसवू’ या वाक्यापासून जपा. केवळ तपासण्यांसाठी ॲडमिट होणं बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं. क्लेम नाकारला की बिल तुमच्या माथी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही ठरलेल्या उपचारांची पॅकेजेस आहेत, ओपीडीतल्या तपासण्या नाहीत. धर्मादाय रुग्णालयात ॲडमिट व्हायची वेळ आली तर वार्षिक उत्पन्न १.८० लाखांपर्यंत असल्यास मोफत आणि ३.६० लाखांपर्यंत असल्यास सवलतीच्या खाटा राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि बिल होण्यापूर्वी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते जनुकीय तपासणीत. एक्झोम सिक्वेन्सिंगला साधारण २०,००० ते ४०,००० रुपये आणि काही आठवडे लागतात. पण हंटिंग्टन आणि तोल जाण्याचे बरेच आनुवंशिक आजार (एससीए) त्यात सहसा सापडत नाहीत. त्यांची चाचणी वेगळी आणि पुष्कळदा स्वस्त असते. म्हणून ‘तुम्हाला नेमका कशाचा संशय आहे?’ हे विचारल्याशिवाय नमुना देऊ नका. आईवडिलांच्या नमुन्याचे पैसे वेगळे का, वर्षभराने डेटा पुन्हा तपासून मिळेल का, हेही आधीच विचारा. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे. तिथे आधी विचारून पाहा.

इथे निदान अडलं तर बेंगळुरूचं निम्हान्स. मुंबई, पुणे, सोलापूरहून उद्यान एक्सप्रेस थेट जाते. तपासणीपेक्षा राहण्याजेवणाचाच खर्च जास्त होतो, तेव्हा आठवडाभराच्या मुक्कामाची तयारी ठेवा. रुग्णालयाबाहेर नंबर लावून देणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. जुन्या रुग्णालयातले कागद अडकले असतील तर लेखी मागा. ते ७२ तासांत द्यावेत असा नियम आहे.

निदान होण्याआधीच स्टेम सेलचं पॅकेज विकणारे भेटतील. या आजारांत स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त संशोधनात करता येतो आणि त्यात भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की उठा.

नाव कळल्यावर दोन कागद लगेच करा. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, मस्क्युलर डिस्ट्रॉफी यांसाठी दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड. आणि प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत असाल तर कलम ८०डीडीबीसाठी न्यूरोलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन: ठरावीक आजार आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल तर ४०,००० रुपयांपर्यंत, आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंत वजावट मिळते.