नाक मुरडणाऱ्या घोड्याला कोणते खनिज मिश्रण?

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो आणि पुढच्या महिनाभरात गावोगावच्या तबेल्यांतून तीच तक्रार ऐकू येते: घोडा मनासारखा मिळाला, पण खात नाही. चंदी पुढे ठेवली की हुंगतो, वरवरचा हरभरा टिपतो आणि तळाची पावडर तशीच सोडतो. जनावर मारवाडात किंवा काठेवाडात वाढलेले, प्रवासाने शिणलेले. पाणी नवे, मोतद्दार नवा. त्यात मालकाने हौसेने आणलेल्या तीन डब्यांतली तीन चूर्णे पहिल्याच दिवशी दाण्यात कालवलेली. घोडा नाक मुरडणार नाही तर काय करणार!

नव्या घोड्याला पहिले दोन आठवडे मीठ सोडून कोणतेही पूरक देऊ नका. तो पूर्वी काय खात होता ते विकणाऱ्याला विचारा, काही दिवस तेच चालू ठेवा आणि मग थोडे थोडे आपल्याकडच्या दाण्या-वैरणीवर आणा. या काळात त्याचे तोंड तपासून घ्या. चघळताना घास गळत असेल, लिदीत अख्खे दाणे दिसत असतील, तर दाढांना धारा आलेल्या असू शकतात. पशुवैद्यकाकडून त्या घासून घ्याव्यात. कडबा आवडीने खाणारा पण दाण्यापासून मान फिरवणारा घोडा जठरातल्या व्रणाने त्रासलेला असू शकतो. जंतांसाठी लीद तपासणे स्वस्तात होते. असे दुखणे असताना चवदार पूरक आणून उपयोग नाही.

तोंड आणि पोट ठीक निघाले की मग उणीव कशाची आहे ते शोधायचे. त्याचे उत्तर डब्यावर नसते, आपल्या गव्हाणीत असते.

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक गव्हाच्या कोंड्याची. साधारण 350 किलोच्या, कामाला न जुंपलेल्या घोड्याला दिवसाला 14 ग्रॅम कॅल्शियम आणि 10 ग्रॅम फॉस्फरस लागतो. दोन किलो कोंड्यातून फॉस्फरस 20 ग्रॅमच्या वर जातो, कॅल्शियम मात्र जेमतेम तीन ग्रॅम. हरभरा, जव, ओट यांतही फॉस्फरसच जास्त. हे गणित महिनोन्‌महिने उलटे राहिले की शरीर हाडांतून कॅल्शियम उपसू लागते. घोडा आखडून चालतो, कधी या पायाने तर कधी त्या पायाने लंगडतो, आणि पुढे जबड्याची व नाकाडाची हाडे फुगतात. युरोपात पूर्वी हा पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांचा रोग म्हणून ओळखला जाई, कारण कोंडा त्यांच्याकडे फुकट असे. आपल्याकडे त्यात हिरव्या वैरणीची भर पडते. संकरित नेपियरमध्ये, मग ते यशवंत असो वा फुले जयवंत, आणि उसाच्या वाढ्यातही ऑक्झलेट असते, आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. गाईच्या पोटातले जंतू त्यातले बरेचसे पचवतात. घोड्याला ते पोट नाही. त्यामुळे गोठ्यातली वैरण तबेल्यातही चालेल असे धरून चालू नये.

अशा घोड्याला महागडे टॉनिक नको, कॅल्शियम हवे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला लसूणघास आता कापणीला येतो. पाच किलो हिरव्या घासातून साधारण 13 ग्रॅम कॅल्शियम मिळते, आणि तो खायला घोड्याची मनधरणी करावी लागत नाही. मूठभरापासून सुरू करून दहा-बारा दिवसांत वाढवा, ढिगात तापलेला घास देऊ नका. घास नसेल तर पशुखाद्याच्या दर्जाची चुनखडीची भुकटी, रोज 40 ग्रॅम. तिला चव जवळपास नसते, म्हणून चोखंदळ घोडाही ती खाऊन जातो. पानाचा चुना मात्र कधीच नाही, त्याने तोंड भाजते. दुकानदार डायकॅल्शियम फॉस्फेट पुढे करील, पण कोंडा खाणाऱ्या घोड्याला आणखी फॉस्फरस कशाला?

दुसरी उणीव ऋतूची. पावसाळ्यात रानात चरलेल्या घोड्याच्या यकृतात अ जीवनसत्त्वाचा काही महिन्यांचा साठा असतो. ई जीवनसत्त्वाचा साठा तसा टिकत नाही, आणि वाळलेल्या कडब्यात ही दोन्ही फारशी उरत नाहीत. म्हणून माघापासून पाऊस पडेपर्यंत हिरवे न मिळणाऱ्या घोड्याला ई देणे योग्य, 350 किलोला रोज सुमारे 350 एकके. ड उन्हातून मिळते, ब गटातली बहुतेक मोठ्या आतड्यातले जंतू तयार करतात, क त्याचे यकृतच बनवते. निरोगी घोड्यासाठी डब्यावरच्या लांबलचक यादीतली निम्मी नावे शोभेचीच असतात. रक्त वाढवणाऱ्या लोहाच्या बाटलीबद्दलही माझे मत तेच. वैरणीत आणि तिला लागलेल्या मातीत लोह पुरून उरते. कमी पडतात ती तांबे आणि जस्त.

डबा घेताना मागची चिठ्ठी वाचा. आकडे किलोमागे असतात आणि घोडा खातो चमचाभर. किलोत 3000 मिलिग्रॅम तांबे आणि रोजचे माप 30 ग्रॅम, म्हणजे पोटात जाते 90 मिलिग्रॅम. आपल्या घोड्याची गरज 70 ची, तेव्हा हा डबा पुरेसा. जस्त त्याच्या चौपटीच्या आसपास हवे. परदेशी डब्यांवरचे माप बहुधा 500 किलोच्या घोड्यासाठी असते, भीमथडी तट्टाला तेवढे द्यायचे नसते. काटा नसेल तर छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 160, लांबी 150 असेल तर वजन 323 किलो येते.

एका वेळी एकच मिश्रण द्या. दोन डबे एकत्र झाले की सेलेनियम दुप्पट होते आणि त्याची गरज व विषबाधा यांत अंतर फार थोडे असते. 2009 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या वेलिंग्टनला पोलोचे 21 घोडे दगावले. त्यांना टोचलेल्या जीवनसत्त्व-खनिजांच्या मिश्रणात सेलेनियमचे प्रमाण चुकले होते. हळूहळू होणाऱ्या बाधेत आयाळ-शेपटीचे केस गळतात, खुरांना आडव्या भेगा पडतात, आणि मालक खूर बघून आणखी एक डबा आणतो. गाई-कोंबड्यांचे खाद्य किंवा मिश्रणही घोड्याला नको. त्यांत काही वेळा मोनेन्सिन नावाचे औषध घातलेले असते आणि ते थोडेसेही घोड्याच्या हृदयाला घातक ठरते.

आता नखऱ्याचे. तांब्या-जस्ताचे सल्फेट कडवट लागते, आणि घोड्याचा ओठ इतका तरबेज की तो दाणा वेचून भुकटी मागे ठेवतो. गोळी-कांडीच्या रूपातले पूरक त्याला सोपे जाते. भुकटीच असेल तर ओल्या, भिजवलेल्या दाण्यात चिकटेल अशी कालवा. पहिल्या दिवशी चिमूटभर, पूर्ण माप दोन आठवड्यांनी. तोबऱ्यात सांडत नाही हे खरे, पण कोरडी भुकटी नाकात जाऊन घोडा ठसकतो, तेव्हा तिथेही ओलेच. गुळावर सगळ्यांचा भर असतो, पण लठ्ठ किंवा खूर तापणाऱ्या घोड्याला तो वर्ज्य. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात घोड्यांपुढे निरनिराळ्या स्वादांचे खाद्य ठेवले, तेव्हा पहिला क्रमांक मेथीचा आला आणि दुसरा केळ्याचा. जिरे आणि गाजरही पसंतीच्या यादीत होते. मेथीदाण्याचे चमचाभर कूट आपल्या घरात असतेच.

पाण्यात मात्र काही मिसळू नका. चव बिघडली तर घोडा पाणी तोडतो, आणि थंडीत आधीच कमी पिणाऱ्या घोड्याला पोटशूळ व्हायला तेवढे पुरते. मिठाचा खडा स्वतंत्र टांगा. खनिजांपैकी तेवढे एकच घोडा स्वतः ओळखून मागतो.

डबा लहान घ्या, उन्हापासून दूर ठेवा आणि मुदत पाहा. खुरासाठी बायोटिन देत असाल तर रोज 15-20 मिलिग्रॅम द्या आणि निदान सहा-नऊ महिने थांबा. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. केसांच्या कडेखाली उगवणारी नवी पट्टी जुन्या खुराहून गुळगुळीत दिसते का, ते नालबंद आला की त्याच्याकडून दर वेळी बघून घ्या.