अंतर्गळाची शस्त्रक्रिया आणि पुरुषाची प्रजननक्षमता

जांघेतील अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, हा पुरुषांमध्ये अतिशय सर्रास आढळणारा विकार आहे आणि शस्त्रक्रिया हाच त्यावरील खरा उपाय होय. तथापि अविवाहित वा नवविवाहित तरुण ती पुष्कळदा पुढे ढकलतात. शस्त्रक्रियेमुळे आपण पितृत्वाला मुकू, अशी भीती त्यांच्या मनात असते; ती ते बोलून दाखवतातच असे नाही. या भीतीत तथ्य किती, हे समजण्यासाठी प्रथम शरीररचनेकडे वळले पाहिजे.

जांघेतील मार्ग

गर्भावस्थेत वृषणांची उत्पत्ती उदरात, मूत्रपिंडांच्या जवळ होते. पुढे ते खाली सरकत वृषणकोशात उतरतात. उदराच्या भिंतीतील ज्या तिरकस मार्गाने ते येतात, ती वंक्षण नलिका प्रौढ माणसात सुमारे ४ सेंटिमीटर लांब असते. तिच्यातून शुक्ररज्जू जातो. वृषणाला रक्त पुरविणारी रोहिणी, रक्त परत नेणाऱ्या नीलांचे जाळे, मज्जातंतू आणि शुक्रजंतू वाहून नेणारी शुक्रवाहिनी या सर्वांचा मिळून हा रज्जू बनतो. भिंत येथेच दुबळी असल्यामुळे आतड्याचा वेढाही येथूनच बाहेर येतो. साहजिकच शल्यविशारदाला हा रज्जू अलगद बाजूला सारून काम करावे लागते.

इजेचे प्रकार

पहिला धोका शुक्रवाहिनीला असतो. कुटुंबनियोजनाच्या नसबंदीत जी नलिका हेतुपुरस्सर कापतात, तीच ही. ती चुकून कापली जाणे, टाक्यात सापडणे वा चिमटली जाणे क्वचित घडते. बालकांत ती अतिशय नाजूक असल्यामुळे तेथे हा धोका अधिक. दुसरा धोका रक्तपुरवठ्याचा. तो खंडित झाल्यास पहिल्या काही दिवसांतच वृषण सुजते, दुखते व पुढे आक्रसू शकते. अंतर्गळ पुन्हा उद्भवून दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागल्यास हा संभव वाढतो.

तिसरी शंका जाळीविषयी आहे. अमेरिकेतील लिक्टेनस्टाइन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत दुबळ्या भागावर कृत्रिम धाग्यांची जाळी बसवतात. खानदेशातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी तर निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड यासाठी वापरून हा उपचार गरिबांच्या आवाक्यात आणला. जाळीभोवती धरणाऱ्या व्रणऊतींमुळे शुक्रवाहिनी आवळली गेल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. परंतु स्वीडनमध्ये राष्ट्रीय नोंदींच्या आधारे मोठ्या संख्येने रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा जाळीमुळे वंध्यत्वात लक्षणीय वाढ झाल्याचे दिसले नाही.

शिवाय निसर्गाने वृषणे दोन दिली आहेत. एका बाजूस इजा झाली, तरी दुसरे निरोगी वृषण संततीसाठी बहुधा पुरेसे असते. म्हणून ज्यांच्या दोन्ही बाजूंवर शस्त्रक्रिया व्हायची आहे, किंवा ज्यांचे एकच वृषण कार्यक्षम आहे, त्यांनी ही गोष्ट शल्यविशारदाला आधीच सांगावी आणि वीर्यतपासणी करून घ्यावी. उलट, शस्त्रक्रिया टाळत राहिल्यास आतडे अडकून पिळवटण्याचा धोका असतो. त्यात प्राणावरही बेतते आणि वृषणाचा रक्तपुरवठाही धोक्यात येतो.

तपासणी आणि उपाय

पौरुष आणि प्रजननक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. शुक्रवाहिनी बंद झाली तरी कामशक्ती टिकते. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथी यांतून येत असल्यामुळे त्याचे प्रमाणही घटल्यासारखे वाटत नाही. त्यामुळे दोष बाहेरून कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीच तो उघड होतो. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारे तीन महिने लागतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतरची तपासणी तेवढ्या अवधीने करणे युक्त ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेली संदर्भमर्यादा दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू अशी आहे. मात्र एकाच तपासणीवरून निष्कर्ष काढू नये.

वाहिनीतील अडथळा सिद्ध झाल्यास सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ती पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करता येतो. ते शक्य नसल्यास वृषणातून शुक्रजंतू घेऊन त्याचे बीजांडात रोपण करता येते. या पद्धतीने पहिले मूल १९९२ साली बेल्जियममध्ये जन्मले.

आपल्याकडे मूल न झाल्यास प्रथम पत्नीच्या तपासण्या सुरू होतात आणि दोषही तिच्याच माथी मारला जातो. पतीची वीर्यतपासणी त्या मानाने सोपी, अल्पखर्चाची व वेदनारहित आहे. बालपणी जांघेत झालेली शस्त्रक्रिया कित्येकांच्या स्मरणातही नसते. तिचा व्रण मात्र अंगावर राहिलेला असतो. डॉक्टरांना तो दाखवणे आणि पतिपत्नींनी एकाच वेळी तपासणीस जाणे, हाच योग्य मार्ग होय.